न दिसणं आणि नसणं : ग्वानिनच्या चौकडीचा इतिहास

मागच्या व्याख्यानात आपण अनुपलब्धीपाशी थांबलो होतो. थोडी उजळणी करू. समोरच्या जमिनीवर घडा नाही, हे आपल्याला कशानं कळतं? कुमारिल भट्टांच्या परंपरेतले मीमांसक आणि अद्वैत वेदान्ती म्हणतात, घडा न दिसणं हेच इथं स्वतंत्र प्रमाण आहे, सहावं प्रमाण. नैयायिकांना ते स्वतंत्र म्हणून मान्य नाही आणि प्राभाकरांना तर मुळीच नाही. पण एका अटीवर बहुतेकांचं एकमत आहे. ती अट योग्यतेची. घडा तिथं असता तर तो दिसलाच असता, अशी परिस्थिती हवी. अंधाऱ्या खोलीत डोकावून ‘घडा नाही’ असं म्हणता येत नाही. पिशाच दिसत नाही म्हणून ते नाही, हेही एवढ्यावरून सिद्ध होत नाही, कारण असतं तरी ते दिसणारं नव्हतंच.

व्याख्यान संपल्यावर एका श्रोत्यांनी विचारलं, ‘सर, घडा आणि जमीन सोडून आजच्या जगातलं काहीतरी सांगा.’ प्रश्न रास्त होता. आज आम्ही जे उदाहरण घेणार आहोत, ते आमच्या विषयातलं नाही. ते आमच्या भाचीमुळं आमच्याकडं आलं.

भाची एका संशोधन संस्थेत रेणुजीवशास्त्रात काम करते. संस्थेचं नाव सांगत नाही, कारण घडलं त्यात कोणाचीच फार शोभा नाही. माणसाच्या एका जनुकाच्या अगदी सुरुवातीचा डीएनएचा तुकडा तिला पीसीआरनं वाढवून घ्यायचा होता. पीसीआरचं तंत्र आता करोनामुळं सगळ्यांना ऐकून माहीत आहे. हव्या त्या तुकड्याच्या दोन टोकांना चिकटतील असे, साधारण वीस-वीस अक्षरांचे दोन एकेरी तुकडे मागवायचे. त्यांना प्रायमर म्हणतात. तापवायचं, थंड करायचं, एन्झाइमला प्रती काढू द्यायच्या, असं तीस-पस्तीस वेळा. शेवटी ते जेलवर चालवायचं आणि पट्टी दिसते का बघायचं. भाचीच्या जेलवर पट्टी येईना. तिच्या मार्गदर्शकांचं म्हणणं, प्रायमर चुकले असतील, नाहीतर हात चुकत असेल. तीनदा प्रायमर बदलून मागवले, चार महिने गेले. एका रविवारी ती घरी आली आणि जेवता जेवता म्हणाली, ‘मामा, तू अनुपलब्धीवर पीएचडी केलीस ना? मग सांग, माझ्या जेलवर काही नाही म्हणजे नळीत काही नाही, असं म्हणायचं का?’

मामांना उत्तर देता आलं नाही. म्हणून मामांनी वाचायला घेतलं. जे वाचलं त्याचा इतिहास मोठा गमतीचा आहे.

तो सुरू होतो पक्ष्यांच्या विष्ठेपासून. एकोणिसाव्या शतकात पेरूच्या किनाऱ्याजवळच्या बेटांवरून ग्वानो नावाचं खत युरोपात जहाजं भरभरून येत होतं. म्हणजे समुद्रपक्ष्यांची साचून वाळलेली विष्ठा. १८४४ मध्ये उंगर नावाच्या जर्मन रसायनशास्त्रज्ञानं त्यातून एक पदार्थ वेगळा केला. ग्वानोतून निघाला म्हणून पुढं त्याचं नाव ग्वानिन. हाच पदार्थ माशांच्या खवल्यांत बारीक स्फटिकांच्या रूपात असतो. खवल्यांची चंदेरी चमक त्याचीच. त्याचा एक स्वभाव तेव्हापासूनच लक्षात आलेला होता. तो पाण्यात जवळजवळ विरघळत नाही. आपल्याच जातभाईंना धरून बसतो. डीएनएच्या चार अक्षरांतलं ‘जी’ ते हेच.

१९१० मध्ये स्वीडनमधल्या लुंड इथं काम करणाऱ्या ईवार बांग यांनी नोंदवलं की ग्वानिलिक आम्लाचं, म्हणजे ग्वानिनला साखर आणि फॉस्फेट जोडून होणाऱ्या रेणूचं, दाट द्रावण केलं की त्याची जेली होते. खळ शिजवल्यावर होते तशी. बस, एवढीच नोंद. जेली का व्हावी, याचं उत्तर मिळायला ५२ वर्षं लागली. मधल्या काळात डीएनएची दुहेरी शिडी सापडली, जी समोर सी आणि ए समोर टी ही जोडी शाळेच्या पुस्तकात जायच्या मार्गावर लागली. १९६२ मध्ये अमेरिकेत बेथेस्डा इथल्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेत मार्टिन गेलर्ट, मेरी लिपसेट आणि डेव्हिड डेव्हिस यांनी त्या जेलीचे तंतू ओढून त्यांवर क्ष-किरण टाकले आणि उत्तर दिलं. चार ग्वानिन एका पातळीत, चौकोन करून, एकमेकांचा हात धरून बसतात. अशा चौकोनांवर चौकोन रचले जातात आणि त्यांचा खांब होतो.

हात धरतात म्हणजे काय, ते नीट बघू, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे. ग्वानिनच्या रेणूला दोन बाजू समजा. एका बाजूनं तो सी-शी जोडी जमवतो, तीन हायड्रोजन बंधांनी. दुसरी बाजू शिडीत मोकळीच राहते. तिथं एक नायट्रोजन आहे, सातव्या क्रमांकाचा, आणि शेजारी एक ऑक्सिजन. चौकडी जमते तेव्हा प्रत्येक ग्वानिन आपली पहिली बाजू शेजाऱ्याच्या दुसऱ्या बाजूला देतो. पंगतीत शेजाऱ्याच्या पानाला पान लावून चौघं गोल बसावेत तसं. एका चौकडीत असे आठ बंध होतात. मधे जी पोकळी राहते तिच्याकडं चारही ऑक्सिजन तोंड करून असतात. ऑक्सिजनवर थोडा ऋण भार असतो, म्हणजे ते एकमेकांना ढकलणार. तिथं धन भाराचा कोणीतरी मध्यस्थ लागतो. वरच्या आणि खालच्या चौकडीच्या बरोबर मधे पोटॅशियमचा आयन जाऊन बसतो आणि आठ ऑक्सिजनांना सांभाळून घेतो. सोडियम चालतो, पण आकारानं लहान असल्यामुळं तितका शोभत नाही. लिथियम जवळजवळ निरुपयोगी. बाकीच्या तीन अक्षरांना इतकी पक्की चौकडी जमत नाही. आमच्या पिढीला ‘चांडाळचौकडी’ हा शब्द आठवेल, आणि प्रयोगशाळेतल्या लोकांना तो पटेलही.

इथं इतिहासाचा दुसरा धागा येतो, हरगोविंद खोरानांचा. १९२२ मध्ये आज पाकिस्तानात असलेल्या रायपूर नावाच्या छोट्या गावी जन्म, लाहोरला शिक्षण, मग लिव्हरपूलला डॉक्टरेट, केंब्रिजला टॉड यांच्याकडं काम, १९५२ पासून व्हँकुव्हर. ‘डीएनए प्रयोगशाळेत, अक्षर अक्षर जोडून तयार करायचा’ हा ध्यास त्यांनी घेतला. १९६८ चं नोबेल त्यांना जनुकीय संकेताच्या उलगड्यासाठी निरेनबर्ग आणि हॉली यांच्याबरोबर मिळालं, पण आमच्या मते त्यांचं खरं आयुष्यकार्य हे जोडकाम होतं. अडचण अशी की या अक्षरांना हात फार. एक हात दुसऱ्याशी जोडायला जावं तर भलताच हात पुढं येतो. म्हणून नको ते हात झाकून ठेवायचे, हवा तो जोड करायचा, शेवटी सगळी आच्छादनं उतरवायची. स्वयंपाकात एक चटका टाळायला दुसऱ्या हाताला फडकं गुंडाळावं, तसं. टी-ला, म्हणजे थायमिनला, बेसवर आच्छादन लागतच नाही. ए, सी आणि जी-ला लागतं. जी-साठी रूढ झालेलं आइसोब्युटिरिल नावाचं आच्छादन उतरायला सगळ्यांत चिवट. अमोनियात ५५ अंशांवर रात्रभर ठेवायची पद्धत मुख्यतः त्याच्यासाठीच. म्हणजे ग्वानिन इथंही उशिरा घरी जाणारा पाहुणा! त्याचं आच्छादन अर्धवट राहिलं तर प्रायमर आपल्या जागी नीट बसत नाही.

खोरानांच्या गटानं १९७० मध्ये ७७ जोड्यांचं यीस्टचं एक जनुक बांधून जाहीर केलं. १९७६ मध्ये तर जिवाणूच्या पेशीत प्रत्यक्ष काम करणारं जनुक, २०७ जोड्यांचं. त्यामागं अनेक माणसांची कित्येक वर्षांची मेहनत आहे. आज तेवढे तुकडे संध्याकाळी मागवले तर दोन-तीन दिवसांत कुरियरनं येतात. हा फरक कोलोरॅडोतल्या मार्विन कॅरूथर्स आणि त्यांचे सहकारी सर्ज बोकाज यांच्या १९८१ च्या फॉस्फोरामिडाइट पद्धतीनं पडला. काचेच्या बारीक मण्यांवर पहिलं अक्षर बसवायचं आणि त्यावर एकेक अक्षर चढवत जायचं. गंमत म्हणजे ही विणकामाची दिशा निसर्गाच्या उलट आहे. एन्झाइम पाचकडून तीनकडं विणतं, यंत्र तीनकडून पाचकडं. प्रत्येक टप्प्यावर एक आच्छादन निघतं तेव्हा नारिंगी रंग येतो. रंग गडद असेल तर जोड छान झाला. यंत्राची प्रकृती रंगावरून कळते, नाडीपरीक्षेसारखी.

या विणकामाचा हिशोब मात्र निर्दय आहे. वीस अक्षरांच्या तुकड्यात एकोणीस जोड. प्रत्येक जोड ९९ टक्के झाला तर शेवटी सुमारे ८३ टक्के पूर्ण लांबीचे तुकडे मिळतात. ९८ टक्के झाला तर ६८. एका टक्क्याची ढिलाई आणि पंधरा टक्के माल गेला. शंभर अक्षरांच्या तुकड्यात ९९ टक्क्यांनीसुद्धा हाती ३७ च येतात. एकामागून एक जी आले की जोडांचा हा टक्का घसरतो, असं पुरवठादारच बजावून ठेवतात. त्यातून खरी चौकडी जमते ती नंतर. विणताना ग्वानिन आच्छादनात असतो, भोवती पाणी नाही, पोटॅशियम नाही. आच्छादन उतरून पाण्यात आला की तो मोकळा. मग शुद्धीकरणाच्या स्तंभातून एकाच पदार्थाची दोन-तीन शिखरं निघतात, किंवा एकच पसरट. तुकडा अशुद्ध आहे असं वाटतं. पुष्कळदा तो शुद्धच असतो, फक्त काही रेणू एकटे आणि काही टोळीनं फिरत असतात.

हीच टोळी हार्वर्डमध्ये दीपंकर सेन आणि वॉल्टर गिल्बर्ट यांना भेटली. गिल्बर्ट म्हणजे डीएनए वाचण्याच्या पद्धतीसाठी १९८० चं नोबेल मिळालेले. प्रतिपिंडांच्या जनुकांतल्या जी-बहुल भागाचे कृत्रिम तुकडे जेलवर चालवताना काही पट्ट्या अपेक्षेपेक्षा फार हळू सरकत होत्या. अशी पट्टी म्हणजे ‘घाण’ म्हणून जेल टाकून द्यायचा मोह कोणालाही होईल. त्यांनी टाकला नाही. १९८८ मध्ये त्यांनी दाखवलं की चार-चार धागे समांतर एकत्र येऊन तो खांब झाला होता. गुणसूत्रांच्या टोकांशी असलेल्या आवर्तनांतही, ज्यांचा क्रम ब्लॅकबर्न आणि गॉल यांनी १९७८ मध्ये एका एकपेशी जिवात टी-टी-जी-जी-जी-जी असा वाचला होता, अशीच घडी पडते हे त्याच सुमारास कळलं. १९१० ची जेली आता पेशीच्या आत येऊन पोचली होती.

याच वर्षांत पीसीआर जगभर पसरत होता. १९८३ मध्ये कॅरी म्युलिसना कल्पना सुचली, १९८५ मध्ये ती छापून आली. जाता जाता एक नोंद करायला हवी. दोन कृत्रिम प्रायमर आणि एन्झाइम घेऊन प्रती काढायचा विचार खोरानांच्या प्रयोगशाळेतून क्लेप्पे आणि सहकाऱ्यांनी १९७१ मध्येच लिहून ठेवला होता. तेव्हा प्रायमर बनवणं हेच महिनोन्‌महिन्यांचं काम. कल्पना होती, पण ती चालवायला कच्चा माल स्वस्त नव्हता.

आता योग्यतेकडं या. पीसीआरचं जे नेहमीचं द्रावण आहे, त्यात पोटॅशियम क्लोराइड असतं, बहुधा ५० मिलिमोलर. एन्झाइमला ते मानवतं. पण ग्वानिनच्या चौकडीला मधे बसायला नेमका हाच पाहुणा लागतो! म्हणजे घडा शोधायला आपण खोलीत शिरलो, आणि शिरताना आपणच दिवा विझवला.

प्रायमर आखायचे नियम या अनुभवातून आले आहेत. लांबी १८ ते २५, जी आणि सी मिळून ४० ते ६० टक्के, तीनच्या टोकाला एखादा जी किंवा सी असावा म्हणजे टोक घट्ट बसतं, पण तिथं त्यांची गर्दी नको, आणि सलग चार जी कुठंही नकोत. यात विसंगती वाटेल: जी हवाही आणि नकोही. मीठ हवं, पण मूठभर नको, इतकंच ते आहे. आम्हाला जास्त महत्त्वाचं वाटतं ते असं, की नियम पाळूनही फसगत होते. १९९२ मध्ये एक पंधरा अक्षरांचा तुकडा प्रसिद्ध झाला, जी-जी-टी-टी-जी-जी-टी-जी-टी-जी-जी-टी-टी-जी-जी. रक्त गोठवणाऱ्या थ्रॉम्बिनला तो चिकटतो. यात सलग चार जी सोडाच, तीनसुद्धा नाहीत. तरी हा एकटाच धागा स्वतःवर दुमडून दोन चौकड्या करतो, कारण जी-च्या चार जोड्या योग्य अंतरावर आहेत. तेव्हा सलग चार जी मोजण्यापेक्षा जी-चे चार गट जवळजवळ आहेत का, हे बघायला हवं. २००५ मध्ये केम्ब्रिज आणि लंडन इथल्या दोन गटांनी मानवी जनुकसंचात अशा संभाव्य जागा मोजल्या. किमान तीन-तीन जी-चे चार गट, या कसोटीवर त्या साधारण पावणेचार लाख भरल्या. जनुकांच्या सुरुवातीच्या भागांत त्यांची दाटी आहे. भाचीचा तुकडा तिथलाच होता.

आता जे सांगायचं आहे त्यासाठी आजचा विषय घेतला. न्यूझीलंडमध्ये ओटागो विद्यापीठाच्या क्राइस्टचर्चमधल्या एका गटाला मानवी मेस्ट नावाच्या जनुकाच्या सुरुवातीच्या भागातले फरक तपासायचे होते. २०१४ मध्ये त्यांनी हे प्रसिद्ध केलं. आपल्याकडं प्रत्येक जनुकाच्या दोन प्रती, एक आईकडून, एक वडिलांकडून. त्या भागाची माणसांत दोनच रूपं आढळतात. तेव्हा काही लोकांत दोन्ही रूपं एकत्र दिसायलाच हवीत. एकाही माणसात ती दिसेनात. प्रत्येकात एकच रूप. प्रायमर बदलले, पद्धती बदलल्या, निकाल तोच. मेंडेलचा नियम या एका जागी लागू नाही, असं म्हणायची पाळी. कल्पना करा, आई आणि मूल शेजारी शेजारी तपासले, तर कागदावर मुलात आईचं काहीच नाही असं दिसू शकेल.

मग उलगडा झाला. तो भाग जी-बहुल होता, पोटॅशियममध्ये त्यात किमान तीन चौकडी-रचना होत होत्या. त्यांतली एक तर पीसीआरच्या द्रावणात ९९ अंशांच्या वर वितळत होती. पीसीआरमध्ये आपण साधारण ९५ अंशांपर्यंत तापवतो! मेस्टच्या मातृक प्रतीवर, म्हणजे आईकडून आलेल्या प्रतीवर, सी अक्षरांना मिथिल गट लागलेले असतात. चौकडी आणि मिथिल दोघांनी मिळून दर वेळी आईचीच प्रत अडवली होती. वडिलांची प्रत सुखेनैव वाढत होती, आणि तिची पट्टी इतकी ठसठशीत की काही हरवलंय अशी शंकाही येऊ नये.

भाचीच्या कोऱ्या जेलपेक्षा हे अवघड आहे. कोरं जेल निदान प्रश्न विचारायला लावतं. अर्धं उत्तर पूर्ण उत्तराच्या वेषात येतं. फ्रॅजाइल एक्स या आजारात हेच कुटुंबांच्या वाट्याला येऊ शकत होतं. १९९१ मध्ये त्याचं कारण कळलं, सी-जी-जी या तीन अक्षरांची पुनरावृत्ती, आजारात २०० च्या वर. साध्या पीसीआरनं ती लांब प्रत वाढत नाही. बाईला एक्स गुणसूत्रं दोन. निरोगी प्रत वाढते, पट्टी एकच येते. दोन्ही प्रती सारख्याच लांबीच्या निरोगी असल्या तरी पट्टी एकच येते. दोन निकाल दिसायला एक. म्हणून अशा वेळी सदर्न ब्लॉट नावाची जुनी, वेळखाऊ तपासणी सोबत करावी लागे. ‘पट्टी एकच आहे’ हे खरं. ‘दुसरी प्रत नाही किंवा तशीच आहे’ हे त्यातून निघत नाही.

इथं कोणी म्हणेल, प्रयोगशाळेत नियंत्रण-नमुना ठेवतात ना? ठेवतात. भाचीकडंही होता आणि तो दर वेळी चालत होता. पण तो दुसऱ्याच, साध्यासुध्या क्रमाचा होता. शेजारच्या खोलीत दिवा लागतो म्हणून या खोलीत उजेड आहे, असं ठरत नाही. योग्यता त्या त्या वस्तूसाठी आणि त्या त्या जागी सिद्ध करावी लागते. मीमांसकांनी या बारकाव्यावर पानंच्या पानं खर्च केली आहेत. आम्ही तरुणपणी त्यावर थोडे हसलोही होतो.

मार्गदर्शकांवर आमचा राग नाही, पण एक तक्रार आहे. ‘हात चुकत असेल’ हे निदान फार लवकर केलं जातं, आणि ते नेहमी सर्वांत कनिष्ठ माणसाच्या हाताबद्दल केलं जातं. चार महिने ती मुलगी आपल्या बोटांकडं संशयानं बघत होती.

पुढं तिनं तीन गोष्टी केल्या. प्रायमर जी-च्या गर्दीपासून थोडे बाहेर सरकवले. पोटॅशियम नसलेलं द्रावण आणि त्यावर चालणारं एन्झाइम मिळवलं. आणि ग्वानिनच्या काही भागाऐवजी ७-डीअझा-ग्वानिन वापरलं. त्यात सातव्या जागचा तो नायट्रोजन काढून कार्बन बसवलेला असतो; सी-शी जोडी पूर्वीसारखीच जमते, पण दुसरी बाजू लुळी पडते आणि चौकडी बसत नाही. १९८० च्या दशकात डीएनए वाचताना जेलवर अक्षरं एकमेकांत चेंगरायची, त्यावर तोडगा म्हणून हे वापरात आलं.

पट्टी आली. फिकट आली. तिनं फोनवर चित्र पाठवलं तेव्हा आम्हाला आधी दिसलीच नाही. ‘मामा, चष्मा लाव,’ म्हणाली. मग तिनंच सांगितलं की ७-डीअझा घातलेल्या डीएनएला इथिडियम ब्रोमाइडचा रंग नेहमीपेक्षा कमी चढतो, त्यामुळं माल पुरेसा असला तरी पट्टी मंद दिसते.

पुढच्या वेळी प्राभाकरांचा आक्षेप घेऊ. अभाव असं काही वेगळं नसतंच, नुसती रिकामी जमीन असते, असं ते म्हणतात. त्यांना भाचीचं पहिलं जेल दाखवलं असतं तर ते काय म्हणाले असते, तिथून सुरुवात करू.